कूस आणि पिशवी

मराठी भाषेंत स्त्रीच्या गर्भाशयास दोन नांवें आहेत. एक 'कूस' आणि दुसरें 'पिशवी'. पहिलें नांव पुस्तकांतून, डोहाळजेवणाच्या गाण्यांतून आणि व्याख्यानांतून ऐकूं येतें. कूस उजवते, कूस धन्य होते. दुसरें नांव दवाखान्याच्या पायरीवर, शेताच्या बांधावर आणि उसाच्या फडांत ऐकूं येतें. पिशवीला सूज येते, पिशवी खालीं सरकते, आणि अखेर पिशवी काढून टाकतात. हीं दोन्ही नांवें एकाच अवयवाचीं असलीं तरी तीं एका वाक्यांत क्वचितच भेटतात. आणि ज्या माणसांच्या तोंडीं एक असतें त्यांच्या तोंडीं दुसरें फारसें नसतें, अशी आमची समजूत होती. ती समजूत चुकीची आहे, हें बीड जिल्ह्यांतील एका ओसरीवर आम्हांस कळलें.

गेल्या चैत्रांत धारूरच्या डोंगराळ भागांतील एका गांवीं जाण्याचा प्रसंग आला. ऊसतोडीस गेलेल्या टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. बरोबर परिचयाच्या एक डॉक्टरबाई होत्या. एका घरीं पाणी प्यावयास थांबलों असतां, त्या घरच्या थोरल्या सुनेनें, जिचें वय फार तर तिशीचें असेल, डॉक्टरबाईंच्या साध्या चौकशीस उत्तर दिलें, "पिशवी काढून टाकली बाई, आता खाडा पडत नाही." तिच्या स्वरांत खेद नव्हता, एखादी अडचण एकदांची मिटल्याचा सुस्कारा होता. त्याच ओसरीवर धाकटी सून धान्य निवडीत बसली होती. तिच्या लग्नास पांच वर्षें झालीं होतीं आणि मूल नव्हतें. शहरांतील एका दवाखान्यांत तिचे उपचार चालू होते, आणि त्यांचा खर्च मुकादमाकडून घेतलेल्या उचलींतून भागविला जात होता. थोरलीच्या शस्त्रक्रियेचे पैसेहि दोन वर्षांपूर्वीं त्याच मुकादमाच्या उचलींतून आले होते. एका उचलीनें एक पिशवी काढविली. दुसऱ्या उचलीनें एक कूस उजवावयाची होती. सासूबाई थोरलीविषयीं बोलतांना 'पिशवी' म्हणत आणि धाकटीविषयीं बोलतांना 'कूस'.

डॉक्टरबाईंनीं विचारलें, "धाकट्या मुलाची तपासणी झाली का?" सासूबाई हंसल्या. "त्याला काय झालंय? दोन माणसांची मोळी एकटा उचलतो."

हा प्रसंग सांगितला तो करुणा उत्पन्न करण्यासाठीं नव्हे. अपत्यासाठीं झुरणाऱ्या जोडप्यांविषयीं आमच्या वाङ्मयानें आणि वाङ्मयाचेंच आजचें अंग जो चित्रपट त्यानें काय सांगितलें आहे, याचें परीक्षण करण्याचें आम्हीं कांहीं दिवसांपासून योजिलें होतें. परीक्षणास कसोटी लागते, आणि ती त्या ओसरीवर सांपडली. जी कृति त्या दोन जावांपुढें ठेविली असतां खरी वाटेल ती खरी, असें धरून आम्ही चाललों आहोंत. कसोटी कठोर आहे. पण विषयहि तसाच आहे.

प्रथम महाभारत घेऊं. अपत्यासाठीं झुरणाऱ्या माणसांनीं त्याचें आदिपर्व भरून गेलें आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक मरतो. सत्यवती व्यासांस बोलाविते. अंबिका भयानें डोळे मिटते, अंबालिका पांढरी पडते. आणि त्या क्षणभराच्या भीतीची खूण दोघींच्या पुत्रांच्या अंगावर जन्मभर राहते. एक आंधळा, दुसरा पांडुरवर्णी. वंश खुंटला तो विचित्रवीर्याच्या अकालीं मृत्यूनें, आणि पुढच्या पिढींत पांडूला झालेल्या शापानें. म्हणजे उणीव पुरुषाकडे होती, हें कवि लपवीत नाहीं. हा त्याचा मोठेपणा होय. तथापि फळांत दोष निघाला त्याचा हिशेब मात्र स्त्रियांच्या पापण्यांवर आणि गालांवर मांडला जातो. दासी निर्भय राहिली म्हणून तिला विदुर झाला, हा न्याय त्यावर आणखी आहे.

पुढें गांधारीची कथा येते. दोन वर्षें गर्भ राहूनहि प्रसूति होत नाहीं. कुंतीला पुत्र झाल्याची वार्ता येते. आणि गांधारी आपल्याच पोटावर आघात करते. मांसाचा गोळा बाहेर पडतो, आणि व्यास त्याचे एकशें एक भाग करून तुपाच्या कुंभांत ठेववितात. अलीकडे कित्येक वक्ते या कुंभांवर बोट ठेवून, प्रयोगशाळेंतील गर्भधारणा आमच्या पूर्वजांस अवगत होती, असें सांगत असतात. आम्हांस त्यांचें नवल वाटतें. कथेंत कुंभ आहेत तशी मूठहि आहे, आणि कवीनें माणूस पाहून लिहिलें आहे तें मुठीविषयीं. कुंती ही गांधारीची जाऊ. जावेकडे पाळणा हलल्याचें ऐकून स्वतःच्या पोटावर मूठ मारणारी ती राणी शास्त्रीय शोधाची साक्षीदार नव्हे. घराघरांतून आजहि दबून असलेल्या दुःखाची ती साक्षीदार आहे. कुंभ पाहून मूठ न पाहणें हें वाईट शास्त्र तर आहेच, पण वाईट वाचनहि आहे.

महाकवीनें जी गोष्ट उघड सांगितली ती आमच्या नित्याच्या भाषेनें मात्र झांकून टाकली. मराठींत 'वांझ' हा शब्द बाईला लागतो, गाईला लागतो आणि जमिनीलाहि लागतो. पुरुषाला लावावयास त्याच्या जोडीचा शब्द नाहीं. 'नामर्द' आणि 'नपुंसक' हे शब्द भलतेंच सांगतात, आणि तेहि शिवी म्हणून. संभोगाची अशक्ति आणि संततीची अशक्ति या अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. मोळी उचलणारा, संसारांत सुखी असलेला धडधाकट पुरुषहि बीजाच्या दृष्टीनें रिता असूं शकतो, आणि तें बाहेरून कोणासहि दिसत नाहीं. खुद्द त्यालाहि कळत नाहीं. भाषेंत ज्याला नांव नाहीं त्याची घरांत शंकाहि येत नाहीं. त्या सासूबाईंचें हंसणें हा केवळ त्यांचा अडाणीपणा नव्हे. आपल्या सर्वांच्या शब्दकोशांतील एक रिकामी जागा त्यांच्या मुखानें हंसली, इतकेंच.

शिष्ट वाङ्मयाकडे वळावें तर तेथें आईचा देव्हारा आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चें (१९३५) ऋण महाराष्ट्रांतील कोणतें सुशिक्षित घर नाकारील? आम्हीहि तें नाकारीत नाहीं. परंतु आईला देव्हाऱ्यांत बसविल्यावर, जी आई झाली नाहीं तिला घरांत कोठें बसवावयाचें, हा प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर आम्हीं वाङ्मयावर न सोपवितां ओटीभरणांवर आणि बारशांवर सोपविलें आहे. तेथें तिला कोठें बसवितात हें वाचकांस ठाऊक आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हा एकटा माणूस असा निघाला कीं, ज्यानें व ज्याच्या पत्नीनें, मालतीबाईंनीं, अपत्यावांचूनचा संसार विचारपूर्वक पत्करला. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, खटले सोसले, आणि प्रजोत्पादन हें दैव नसून शरीराचें कार्य आहे, तें समजून घेतां येतें आणि आपल्या इच्छेनुसार वळवितां येतें, हें सांगितलें. लोकांनीं त्यांना केवळ संततिनियमनाचे पुरस्कर्ते मानलें. वस्तुतः मूल नको असलेल्यास जें ज्ञान लागतें तेंच मूल हवें असलेल्यासहि लागतें. तें ज्ञान आम्हीं तेव्हां अश्लील ठरविलें, आणि त्याचें देणें आजचीं जोडपीं देत आहेत.

तें ज्ञान आज कोठवर आलें आहे हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण त्यावांचून पुढील कृतींचें मोल करतां येणार नाहीं. २५ जुलै १९७८ रोजीं इंग्लंडांत, शरीराबाहेर फलन घडवून आणलेल्या गर्भापासून पहिलें मूल जन्मलें. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनीं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें अशीच एक मुलगी जन्मास आली. सरकारी समितीनें त्यांचें म्हणणें खोटें ठरविलें, त्यांची बदली करण्यांत आली, आणि १९ जून १९८१ रोजीं त्यांनीं आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जें मूल जन्मलें तें भारतांतील पहिलें म्हणून मान्य झालें. त्या कार्यांतील त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीं मुखोपाध्यायांचीं टिपणें तपासून, पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असें १९९७ मध्यें स्वतःच जाहीर केलें. स्वतःच्या माथ्यावरील तुरा काढून मृत मनुष्याच्या स्मृतीवर ठेवणारा हा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासांत विरळा होय.

उपचारांचा क्रमहि वाचकांनीं जाणून असावा. वर्षभर नियमित सहवास असूनहि गर्भ राहिला नाहीं तर तपासणी करावी. स्त्रीचें वय पस्तिशीच्या पुढें असेल तर सहा महिन्यांनींच करावी. कारणें पाहूं गेल्यास साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील उणीव, एकटी किंवा स्त्रीच्या उणिवेबरोबर, आढळते. पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि वेदनारहित आहे. म्हणून ती प्रथम व्हावयास हवी. स्त्रीच्या बाजूस बीज वेळेवर सुटतें कीं नाहीं, गर्भनलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत, हें पाहतात. नलिका बुजण्याचें आमच्या देशांतील एक मोठें कारण क्षयरोग हें आहे. पुष्कळांचें काम गोळ्यांनीं भागतें. कांहींस पतीचें शुद्ध केलेलें वीर्य गर्भाशयांत सोडून गुण येतो. त्यानेंहि न भागल्यास शरीराबाहेरील फलन. आणि पुरुषाचें बीज अत्यल्प असेल तर एकच शुक्राणु सुईनें स्त्रीबीजांत घालण्याची युक्ति, जी १९९२ पासून यशस्वी झाली आहे. या शेवटच्या मार्गांत एका आवर्तनास लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक खर्च येतो, आणि तरुण वयांतहि निम्म्याहून अधिक आवर्तनें विफल होतात. हें शेवटचें वाक्य जाहिरातींत मोठ्या अक्षरांत कधीं दिसत नाहीं.

आतां चित्रपट. मुखोपाध्यायांच्या शोकांतिकेवरून रमापद चौधुरी यांनीं 'अभिमन्यु' लिहिलें, आणि त्यावरून तपन सिन्हा यांनीं 'एक डॉक्टर की मौत' हा हिंदी चित्रपट १९९० मध्यें केला. मत्सराचा आणि कचेऱ्यांतील क्षुद्रपणाचा इतका अचूक पट क्वचितच पाहावयास मिळतो. परंतु चित्रपटांतील नायक शोध लावतो तो कुष्ठरोगावरील लसीचा; वंध्यत्वाचा संबंध त्यांत केवळ आनुषंगिक म्हणून येतो. कलावंतास असा फेरफार करण्याचा अधिकार आहे. तथापि परिणाम असा झाला कीं, ज्या जोडप्यांसाठीं त्या वैद्यानें जीव जाळला तीं जोडपींच कथेंतून नाहींशीं झालीं. कुष्ठरोगी हा उघड्यावर दाखवितां येणारा दुःखी मानला गेला. निपुत्रिक जोडपें मात्र अजून पडद्याआडच राहिलें.

तें जोडपें पडद्यापुढें आणण्याचें धैर्य अमोल पालेकर यांच्या 'अनाहत' (२००३) या मराठी चित्रपटानें केलें. पालेकरांनीं त्याच्या दोनच वर्षें आधीं रघुनाथरावांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' काढला होता. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. 'अनाहत'चें मूळ सुरेन्द्र वर्मा यांच्या हिंदी नाटकांत आहे. राजा संतति देण्यास असमर्थ. राज्यास वारस हवा. म्हणून अमात्यमंडळ राणीस एका रात्रीपुरता अन्य पुरुष वरण्यास भाग पाडतें. या कृतीचे दोन गुण निर्विवाद आहेत. एक, उणीव पुरुषाची आहे हें ती आडपडदा न ठेवितां सांगते. दुसरा अधिक सूक्ष्म: निर्णय त्या दोघांचा नसून मंडळाचा आहे. आजच्या घरांत अमात्य नसतात; पण सासू, नणंद, शेजारीण आणि लग्नसमारंभांत 'कांहीं बातमी?' म्हणून विचारणारे पाहुणे हें मंडळ अहोरात्र भरलेलें असतें. या दृष्टीनें ती राजसभा आम्हांस फार ओळखीची वाटली.

उणें हें कीं, चित्रपटाचा सर्व भार राजाच्या दुखावलेल्या अभिमानावर आणि राणीला नव्यानें लाभलेल्या स्वतःच्या जाणिवेवर पडतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु राजाला आपलें दुःख बोलावयास संपन्न, घोटीव भाषा आहे आणि रात्रभर जागावयास महाल आहे. आमच्या मोळी उचलणाऱ्या तरुणाला यांपैकीं कांहींच नाहीं. पुरुषाचें वंध्यत्व केवळ राजाच्याच मुखीं शोभावें, सामान्याच्या मुखीं नव्हे, असा ग्रह या कृतीनें नकळत दृढ केला. थोरली जाऊ ती पाहून म्हणेल, राजाराण्यांच्या गोष्टी. आणि तिचें म्हणणें सर्वस्वीं चूक ठरणार नाहीं.

दुसरी कृति समृद्धी पोरे यांची 'मला आई व्हायचंय'. २०१० या वर्षाचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला लाभला, आणि २०२१ मध्यें तिच्यावरून 'मिमी' हा हिंदी चित्रपट निघाला. परदेशी स्त्री मेरी ही मुलासाठीं भारतांत येते. खेड्यांतील गरीब यशोदा मोबदला घेऊन तिचा गर्भ वाढविते. मूल सदोष निपजेल असें कळतांच मेरी निघून जाते. निरोगी जन्मलेल्या माधवास यशोदा वाढविते. आणि कांहीं वर्षांनीं मेरी त्याला न्यावयास परत येते. नांवांची योजना मार्मिक आहे. पुराणांतील यशोदेनें बाळ वाढविलें, तिनें त्याला जन्म दिला नव्हता. या यशोदेनें जन्म दिला, वाढविलें, आणि तरी बीजाच्या नात्यानें तें तिचें नाहीं. आई कोणाला म्हणावें हा प्रश्न इतक्या साध्या कथेंतून इतक्या ताकदीनें मराठींत पूर्वीं कोणीं विचारला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

मात्र प्रश्न विचारल्यावर कथा दोन आयांच्या ओढाताणींत रमते, आणि त्या अश्रूंत एक दुसरा प्रश्न वाहून जातो. यशोदेला आपली कूस भाड्यानें कां द्यावी लागली? गरिबी हें या कथेंत केवळ निमित्त आहे. कथेचें चाक फिरूं लागलें कीं त्याकडे पुनः कोणी पाहत नाहीं. कायद्यानेंहि पुढें तेंच केलें असें म्हणावयास जागा आहे. २०२१ मध्यें संमत होऊन २५ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या दोन कायद्यांनीं हा सर्व व्यवहार बांधून टाकला. मोबदला घेऊन गर्भ वाढविणें बंद झालें; औषधोपचार आणि विमा यांपलीकडे पैसा द्यावयाचा नाहीं; गर्भ वाढविणारी स्त्री विवाह झालेली, स्वतःचें मूल असलेली, २५ ते ३५ वयाची असावी, आणि तिनें हें आयुष्यांत एकदांच करावें. स्त्रीबीज देणारीनेंहि एकदांच द्यावें. दलालांच्या हातून गरीब बाईस सोडविण्याचा हेतु स्तुत्य होय, यांत शंका नाहीं. परंतु कूस भाड्यानें देण्यास बंदी झाली म्हणून ती भाड्यानें देण्याची गरज नाहींशी झाली असें नव्हे.

ही गरज किती खोल जाते तें बीड जिल्ह्यांत दिसतें, आणि म्हणूनच आमचीं वरील सर्व परीक्षणें तेथें येऊन थांबतात. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून लाखो माणसें पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या उसाच्या फडांवर जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्यास. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटें माणूस म्हणजे अर्धा कोयता. ज्याला शहरांतील दवाखाना जोडपें म्हणतो त्याला येथील करार हत्याराचें नांव देतो. अर्धा कोयता पुरा व्हावा म्हणून पुष्कळदां कोवळ्या वयांत लग्न लावून देतात. अल्पवयांत बाळंतपणें होतात. आणि मग पहांटेपासून तोडणी, डोक्यावर मोळी, कोपींत ना न्हाणी ना पाणी. विटाळाच्या दिवसांत काम बुडालें तर खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. पोटांत दुखतें, अंगावरून पांढरें जातें. औषधानें बरा होणारा हा विकार घेऊन ती दवाखान्यांत जाते आणि 'पुढें कॅन्सर होईल' हें भय घेऊन बाहेर पडते. त्या भयावर आणि खाड्यावर एकच उपाय तिला सांगितला जातो.

२०१९ मध्यें ही गोष्ट वृत्तपत्रांतून बाहेर आली, विधिमंडळांत गाजली, आणि श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे साधारण सहांत एक. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें असें सांगितलें कीं, जगांत सुमारें दर सहा माणसांपैकीं एकास आयुष्यांत केव्हां ना केव्हां वंध्यत्वाचा अनुभव येतो. हे दोन 'सहांत एक' निराळ्या गोष्टींचे आहेत, आणि त्यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण एकावर जगभर परिषदा भरतात, आणि दुसरा एका जिल्ह्याची बातमी म्हणून जुना होतो, हेंहि नमूद केलें पाहिजे. याच जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतींत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुली अवघ्या ८०७ निघाल्या. दहा वर्षांपूर्वीं त्या ८९४ होत्या. ज्या कुशीकडून मुलगाच हवा म्हणून ती तपासली गेली, तीच कूस दोन मुलें झाल्यावर पिशवी झाली. नांव बदललें तें अवयवाचें नव्हे. घराला त्याचा उपयोग काय, याचें तें नांव होतें.

आणि पिशवी गेल्यावर दैवानें मूल हिरावून नेलें तर? शास्त्र सांगतें कीं, अंडकोश राखले असतील तर बीज अजून आहे. दुसऱ्या स्त्रीच्या उदरीं गर्भ वाढवितां येईल. कायदाहि गर्भाशय नसणें हें त्यासाठीं कारण म्हणून मान्य करतो. परंतु तें हयात मूल नसलेल्या जोडप्यासच. आणि खर्च, दाखले, न्यायालयाचा हुकूम, मोबदल्यावांचून नऊ महिने देणारी दुसरी स्त्री हें सर्व कोपींत राहणाऱ्या माणसानें कोठून आणावें? अंडकोशहि काढले गेले असतील तर तोहि मार्ग बंद होतो, आणि तिशींतच म्हातारपणाची हाडें वाट्यास येतात. कागदावरचें दार उघडें असणें आणि तेथवर रस्ता असणें या दोन गोष्टी आहेत.

म्हणून आमच्या लेखकांकडे आमचें मागणें आहे. अपत्यहीनतेच्या कथा आजहि दोनच शेवट जाणतात. पाळणा हलतो, नाहीं तर बाई विहीर जवळ करते. खरीं जोडपीं या दोन शेवटांच्या मध्यें वर्षानुवर्षें जगत असतात. तिसऱ्या आवर्तनाच्या अपयशानंतर एस. टी. मध्यें शेजारीं बसून एकहि शब्द न बोलतां घरीं येणारी दोन माणसें, 'आतां पुरे' म्हणण्याचा हक्क आधीं कोणीं वापरावा हें न उमजणारी दोन माणसें, दत्तक घेण्याचा विचार एकमेकांपासून लपविणारी दोन माणसें, यांची कथा कोणीं लिहावी? ज्यांत पुरुषाची तपासणी हा अपमानाचा प्रसंग नसून नवराबायकोमधील विश्वासाचा प्रसंग आहे, अशी एक तरी कादंबरी आम्हांस वाचावयास हवी आहे. आणि ज्या कथेंत कूस उजवली तिच्या शेजारच्या ओसरीवर कोणाची पिशवी काढली गेली, हें पाहण्याइतकी मान लेखकानें वळवावी. दोन्ही बायका एकाच घरच्या असतात.

वाचकांकडेहि एक मागणें आहे, आणि तें लहान आहे. आपल्या घरांतील सुनेकडे किंवा मुलीकडे 'कांहीं बातमी?' म्हणून विचारण्यापूर्वीं, ती बातमी दोघांची असते, हें स्मरावें.

त्या गांवाहून आम्ही निघालों तेव्हां धाकटा मुलगा सडकेपर्यंत पोंचवावयास आला. ओसरीवर तो एक शब्दहि बोलला नव्हता. गाडीचें दार लावतांना त्यानें डॉक्टरबाईंना हळूच विचारलें, "ती तपासणी कुठं करतात? आईला कळायला नको." डॉक्टरबाईंनीं सरकारी दवाखान्याचें नांव सांगितलें; आधीं तीन दिवस संयम पाळावा लागतो, काम घटकाभराचें असतें, आणि पहिल्या वेळीं कमी दिसलें तर पुनः एकदां पाहतात, हेंहि सांगितलें. त्यानें तें सर्व मान खालीं घालून ऐकलें आणि शेवटचें वाक्य पुनः एकदां म्हणावयास सांगितलें.